गाण्यांचा आवाज एकसारखा करायचा आहे? मग गाण्याला हात लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमारे सहा हजार गाणी, काही एमपीथ्री, काही फ्लॅक (दर्जा न घालवता आवळलेल्या फाइली), वीस वर्षांत ठिकठिकाणाहून जमलेली. जुन्या रेकॉर्डवरून घेतलेलं भावगीत ऐकताना आवाज वाढवावा, तर पुढचं नवं गाणं कानावर आदळतं. एका ऑडिओ एडिटरमध्ये शे-दोनशे गाणी 'नॉर्मलाइझ' करून पाहिली, पण फरक जवळजवळ पडलाच नाही. आता सगळ्यांचा आवाज एका पातळीवर कसा आणायचा, आणि तो दर्जा न घालवता आणता येतो का?

येतो, आणि दर्जा तसूभरही न घालवता येतो. पण आधी एक विनंती. नॉर्मलाइझ केलेली गाणी मूळ फाइलींवरच सेव्ह केली असतील, तर आज इथेच थांबा आणि मूळ प्रती कुठे जुन्या डिस्कवर किंवा सीडीवर शिल्लक आहेत का ते शोधा. वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह केली असतील तर तो फोल्डर काढून टाका आणि मूळ संग्रहाकडे परत या. मी जे सुचवणार आहे त्यात गाण्याच्या आवाजाला हातच लावायचा नाही. प्रत्येक गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं, तो हिशोब फाइलीच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याचं नाव, गायक अशी माहिती असते त्या जागेत, आकडा म्हणून लिहून ठेवायचा, आणि वाजवताना प्लेअरने तेवढा आवाज कमी-जास्त करायचा. आकडा चुकला तर पुसून पुन्हा लिहिता येतो. गाणं चुकलं तर ते गेलंच.

नॉर्मलाइझ करून फरक का पडला नाही, हे आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

साधं नॉर्मलायझेशन गाण्यातला सर्वांत उंच क्षण शोधतं. त्याला पीक म्हणतात. मग तो क्षण डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला, म्हणजे शून्य डेसिबलला टेकेल इतकं सगळं गाणं वर उचलतं. आता ख्यालाचं एखादं ध्वनिमुद्रण घ्या. पस्तीस मिनिटांत तबल्याची एखादी जोरकस थाप शून्याला टेकते, बाकी गाणं तिच्या कितीतरी खाली संथपणे चाललेलं असतं. दुसरीकडे अलीकडचं एखादं नाचाचं गाणं घ्या: ढोल, बास, गळा, सगळं लिमिटरखाली, म्हणजे आवाजाला मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या साधनाखाली, दाबून पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत मर्यादेला चिकटवलेलं. पीक बघायला गेलात तर दोन्ही गाणी शून्यावर. नॉर्मलायझेशनला दोघांतही करण्यासारखं काही सापडत नाही आणि ते दोन्ही गाणी होती तशी परत देतं. एक सपाट माळावर उभा असलेला एकटा सुळका, दुसरं तेवढ्याच उंचीचं अख्खं पठार. टोकाची उंची सारखी, पण पठारावर चालणाऱ्याला आणि माळावर चालणाऱ्याला ती सारखी कशी वाटेल?

कान सुळका मोजत नाही. काही काळ टिकणारी ऊर्जा त्याला जाणवते, आणि तीही सगळ्या स्वरांना सारख्या न्यायाने नाही. साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे शब्दांची धार आणि झांजेची किणकिण असते, तिथे कान फार तीक्ष्ण असतो. अगदी खालच्या खर्जात तो मठ्ठ असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले, आणि आजच्या मोजणीत हीच समज वापरली जाते. म्हणून केवळ ऊर्जेची सरासरी काढूनही भागत नाही. दोन गाण्यांची सरासरी ऊर्जा सारखी असली, तरी एक बासने भरलेलं आणि दुसरं सनईने भरलेलं असेल तर सनई मोठीच लागणार.

यावर उपाय निघाला तो टप्प्याटप्प्याने. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये रिप्लेगेन नावाची पद्धत मांडली. गाण्याचे पन्नास मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, कानाच्या संवेदनशीलतेनुसार गाळणी लावायची, प्रत्येक तुकड्याची ऊर्जा काढायची, तुकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि शंभरातला पंचाण्णवावा तुकडा गाण्याचा प्रतिनिधी मानायचा. माणूस गाणं 'मोठं आहे' म्हणतो ते त्यातल्या भरलेल्या भागांवरून, शांत जागांवरून नाही, ही त्यामागची समज मला आजही फार मोलाची वाटते. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस १७७० नावाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. ते प्रसारणासाठी होतं, पण संगीतालाही चपखल बसलं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० मध्ये त्यावर आधारून आर १२८ ही शिफारस काढली. या मोजमापाचं एकक एलयूएफएस. एक एलयूएफएसचा फरक म्हणजे एक डेसिबलचाच फरक, त्यामुळे हिशोब सोपा राहतो.

बीएस १७७० मधली एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्या संगीताला ती फार उपयोगी आहे. २०११ च्या आवृत्तीत त्यात शांत तुकडे गाळून टाकण्याची पद्धत आली. गाण्याचे चारशे मिलिसेकंदांचे, एकमेकांवर पाऊण भाग चढणारे तुकडे घेतात. उणे ७० एलयूएफएसच्या खालचे तुकडे, म्हणजे जवळजवळ शांतता, आधीच बाहेर काढतात. उरलेल्यांची सरासरी घेतात, आणि त्या सरासरीपेक्षा दहा डेसिबलहून जास्त खाली असलेले तुकडेही बाहेर काढून पुन्हा सरासरी घेतात. एखाद्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीचा तंबोरा जुळवण्याचा भाग, मधले विराम, शेवटी राहिलेली अर्ध्या मिनिटाची खरखर हे सगळं सरासरीत धरलं असतं, तर गाणं कागदावर उगाच शांत दिसलं असतं आणि वाजताना नको तितकं चढलं असतं.

रिप्लेगेनच्या दुसऱ्या आवृत्तीत हेच मोजमाप घेतलं आहे, आणि लक्ष्य आहे उणे १८ एलयूएफएस. जुन्या आवृत्तीत ८९ डेसिबल असा आकडा दिसायचा. दोन्ही साधारण एकाच जागी येतात. म्हणजे एखादं नवं गाणं उणे ८ वर मोजलं गेलं तर टॅगमध्ये 'उणे १०' लिहिलं जातं. जुनं भावगीत उणे २३ वर असेल तर 'अधिक ५'. प्लेअर तेवढं कमी-अधिक करतो आणि दोन्ही गाणी शेजारी शेजारी बसतात. आवाज किती कमी-जास्त करायचा त्या आकड्याला गेन म्हणतात. टॅगमध्ये चार आकडे असतात: गाण्याचा म्हणजे ट्रॅकचा गेन, गाण्याचं पीक, अल्बमचा गेन आणि अल्बमचं पीक.

या चारांतले अल्बमचे आकडे बहुतेक लोक दुर्लक्षित ठेवतात, आणि तिथेच संग्रहाचं खरं नुकसान होतं.

प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे एका पातळीवर आणलं तर सरमिसळ यादी ऐकायला उत्तम. पण एका रागाचं ध्वनिमुद्रण तीन ट्रॅकमध्ये कापलेलं असतं: आलाप, विलंबित, द्रुत. कलाकाराने आलाप हळुवार ठेवला तो विचार करून, आणि द्रुत चढत गेलं तेही विचार करून. ट्रॅक गेन लावला की आलाप वर उचलला जातो, द्रुत खाली दाबलं जातं, आणि रंगत जाण्याचा जो सगळा प्रवास होता तो सपाट होतो. ट्रॅकच्या सांध्यावर तंबोऱ्याचा आवाज एकदम उडी मारतो, ते तर कानाला टोचतंच. अल्बम गेनमध्ये तिन्ही ट्रॅक एकत्र मोजून तिन्हींना एकच आकडा लागतो. आतला चढउतार जसाच्या तसा राहतो, फक्त अख्खा अल्बम तुमच्या बाकी संग्रहाच्या रांगेत येतो. नाटकाची पदं, कथाकथन, सलग चाललेली मैफल, एकामागून एक न थांबता वाजणारे ट्रॅक, या सगळ्यांना अल्बम गेनच हवा.

उलट 'सदाबहार' प्रकारच्या संकलनांना अल्बम गेन निरुपयोगी. चाळीस वर्षांतली, चाळीस स्टुडिओंतली गाणी एका फोल्डरमध्ये असतात, त्यांना एकच आकडा लावून काय साधणार? तिथे ट्रॅक गेन. सुदैवाने निवड मोजताना करावी लागत नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी लिहून ठेवायचे आणि कोणता वापरायचा ते वाजवताना ठरवायचं. फुबार२००० या प्लेअरमध्ये तर 'वाजवण्याच्या क्रमानुसार' असा पर्याय आहे: यादी शफलवर असेल तर ट्रॅक गेन, सलग ऐकत असाल तर अल्बम गेन. मी स्वतः अनेक वर्षं हाच पर्याय चालू ठेवला आहे.

आता प्रत्यक्ष काम. संग्रहाची एक पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. टॅग लिहिल्याने गाण्याला धोका नाही, पण सहा हजार फाइली एका दमात उघडून लिहिताना वीज गेली किंवा डिस्क बिघडली तर धोका आहे. फाइलींच्या तारखा बदलणार आहेत हेही लक्षात ठेवा. तुमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर तारखा बघून चालत असेल तर ते पुढच्या वेळी अख्खा संग्रह नव्याने उचलेल. घाबरून जाऊ नका, तेवढी जागा आणि वेळ ठेवा.

मग फोल्डर नीट करा. मोजणारं साधन एका अल्बममध्ये काय काय धरतं हे त्यावर ठरतं. आरएसगेन नावाचं मोफत साधन आहे. त्याच्या 'ईझी' पद्धतीत ते तुमच्या संग्रहात खोलवर शिरून प्रत्येक फोल्डर एक अल्बम मानतं, आणि एमपीथ्री, फ्लॅक, ऑग, एम४ए असे वेगवेगळे प्रकार एकाच फेरीत उरकतं. पण दोन सीडींचा संच दोन फोल्डरांत असेल तर त्याला दोन वेगळे आकडे लागतील आणि दुसरी सीडी पहिलीपेक्षा किंचित मोठी किंवा लहान वाजेल. असे संच एका फोल्डरमध्ये आणा. किंवा विंडोजवर फुबार२००० वापरत असाल तर तिथे निवडलेल्या गाण्यांवर राइट क्लिक करून रिप्लेगेनच्या मेनूतला 'टॅगनुसार अल्बम म्हणून स्कॅन करा' या अर्थाचा पर्याय घ्या. तो फोल्डर न बघता अल्बमचं नाव बघतो, त्यामुळे अल्बमची नावं नीट भरलेली असतील तर तो जास्त सुरक्षित. सहा हजार गाण्यांचं स्कॅन आजच्या साध्या संगणकावरही रात्रीतून आरामात होतं.

आधीपासून काही फाइलींत जुने रिप्लेगेनचे टॅग असतील. ते राहू देऊ नका. जुन्या आवृत्तीची मोजणी आणि नवी मोजणी सारखी नाही, काही गाण्यांत फरक कानाला कळण्याइतका होतो. सगळा संग्रह एकाच साधनाने, एकाच बैठकीत पुन्हा मोजा. एकसारखेपणासाठीच तर हा खटाटोप आहे, मग मापंच दोन कशाला ठेवायची?

फ्लॅकवाल्यांना एक समाधान देतो. फ्लॅक फाइलीच्या आत मूळ आवाजाची एमडी५ ओळखखूण साठवलेली असते आणि ती फक्त आवाजाची असते, टॅगची नाही. टॅग लिहिल्यावर फाइल तपासून बघितली तर ती खूण तशीच जुळते. आवाजाच्या एकाही बिटाला धक्का लागलेला नाही याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. डब्ल्यूएव्ही फाइली असतील तर त्या या निमित्ताने फ्लॅकमध्ये आणा. आवाज बिटाबिटाला तोच राहतो, जागा कमी लागते आणि टॅग भरवशाचे होतात. डब्ल्यूएव्हीमधले टॅग एका प्लेअरला दिसतात आणि दुसऱ्याला दिसत नाहीत.

स्कॅन झालं की लगेच गाणी ऐकायला बसू नका. आधी प्लेअरची सेटिंग बघा. रिप्लेगेन बऱ्याच ठिकाणी मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. फुबार, व्हीएलसी, एमपीव्ही, अँड्रॉइडवरचं पॉवरॲम्प या सगळ्यांत ते आहे, पण चालू तुम्हालाच करावं लागतं. सोबत 'पीकनुसार क्लिपिंग टाळा' असा पर्याय असेल तर तोही चालू करा. आणि फुबारसारख्या प्लेअरमध्ये 'टॅग नसलेल्या गाण्यांसाठी प्रीॲम्प', म्हणजे अशा सगळ्या गाण्यांचा आवाज सरसकट कमी-जास्त करणारा, वेगळा सरकता दांडा असतो, तो उणे सात-आठवर ठेवा. नाहीतर उद्या नवं, न मोजलेलं गाणं संग्रहात आलं की तेच एकटं सगळ्यांच्या वर ओरडेल.

क्लिपिंगबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. वरच्या उदाहरणातलं भावगीत उणे २३ वर आहे आणि त्याला अधिक ५ हवे आहेत. पण त्याचं पीक आधीच उणे १ वर असेल तर वर जागा फक्त एका डेसिबलची आहे. पाच वाढवले तर उंच जागा मर्यादेवर आपटून कापल्या जातील आणि आवाज फाटेल. क्लिपिंग टाळणारा पर्याय चालू असेल तर प्लेअर फक्त एकच वाढवेल, आणि ते गाणं बाकीच्यांपेक्षा चार डेसिबल खाली राहील. लोक तेव्हा म्हणतात की रिप्लेगेन चालत नाही. ते चालतं आहे, फक्त त्याला वर डोकं काढायला जागा नाही. अशी गाणी संग्रहात बरीच असतील, आणि ख्यालाच्या संग्रहात ती असणारच, तर प्लेअरचा मुख्य प्रीॲम्प तीन-चार डेसिबल खाली घ्या. सगळीच गाणी तेवढी खाली येतील, शांत गाण्यांना जागा मिळेल, आणि उरलेली भरपाई ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणावर करा. ते त्यासाठीच असतं.

आणि हो, अशा गाण्यांचं पीक खरं आहे का तेही बघा. जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या फाइलींत मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे: गाणं शांत, पण मध्येच ओरखड्याचा एक 'टक्' थेट शून्यावर. तो एक टक् पीक म्हणून नोंदला जातो आणि अख्ख्या गाण्याची वाढ अडवून धरतो. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये उघडून लहरींकडे बघितलं की तो काट्यासारखा वर आलेला दिसतो. तेवढा काटा काढा, फ्लॅकमध्ये वेगळ्या नावाने जतन करा आणि ती प्रत मोजा. आवाज सारखा करण्याच्या सगळ्या कामात ध्वनीला हात लावण्याची परवानगी मी देतो ती एवढ्याच जागी, आणि तीही मूळ फाइल बाजूला ठेवून.

जुन्या ध्वनिमुद्रणांची आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. तुमच्याकडच्या काही फाइली एकाच चॅनेलच्या, म्हणजे खऱ्या मोनो असतील, आणि काही तोच आवाज डावीउजवीकडे सारखा भरलेल्या स्टिरिओ असतील. बीएस १७७० दोन्ही चॅनेलची ऊर्जा मिळवतं, त्यामुळे तेच गाणं मोनो फाइलीत तीन डेसिबल कमी मोजलं जातं. पण वाजताना प्लेअर मोनो फाइलही दोन्ही स्पीकरना पाठवतो. परिणाम असा की सगळं मोजूनमापून झाल्यावर मोनो फाइली बाकीच्यांपेक्षा तीन डेसिबल मोठ्या वाजतात. एफएफएमपेग या मोफत ऑडिओ-व्हिडिओ साधनाच्या मोजणाऱ्या फिल्टरमध्ये यासाठी 'ड्युअल मोनो' नावाची सेटिंग आहे. तुमच्या साधनात तशी नसेल तर मोनो फाइली वेगळ्या काढा आणि त्यांच्या गेनमधून तीन वजा करा. किरकोळ वाटणारा हा मुद्दा जुन्या गाण्यांच्या संग्रहात दर तिसऱ्या गाण्याला आडवा येऊ शकतो.

ओपस फाइली असतील तर त्यांचं वेगळं आहे. त्यांत टॅग आर १२८ नावाने असतात आणि त्यांचं लक्ष्य उणे २३ आहे, उणे १८ नाही. जाणता प्लेअर ते पाच डेसिबल स्वतः भरून काढतो. सगळ्या ओपस फाइली पाच डेसिबल खाली वाजत असतील तर दोष प्लेअरचा आहे असं समजा, फाइली पुन्हा पुन्हा मोजत बसू नका.

ॲपलच्या म्युझिक ॲपवर ऐकत असाल तर तिथे 'साउंड चेक' आहे. तो स्वतःची वेगळी मोजणी करतो आणि स्वतःच्या वेगळ्या नोंदीत लिहितो. रिप्लेगेनचे टॅग तो वाचत नाही. दोन्ही एका फाइलीत सुखाने राहतात.

आता जिथे ही सगळी व्यवस्था चालत नाही त्या जागेकडे येऊ: गाडीतला यूएसबीचा प्लेअर, जुना खिशातला प्लेअर, स्पीकरलाच जोडलेला पेनड्राइव्ह. यांतले बरेचसे टॅग वाचतच नाहीत. तिथे आवाज फाइलीतच बदलावा लागतो. हे काम पेनड्राइव्हवर टाकायच्या प्रतीवर करा, संग्रहावर नाही.

एमपीथ्रीसाठी इथे एक सुंदर सोय आहे. एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये 'ग्लोबल गेन' नावाचा एक आकडा असतो, म्हणजे ही फ्रेम उलगडल्यावर किती जोरात वाजवायची ते. एमपीथ्रीगेन हे जुनं साधन फक्त तो आकडा बदलतं. गाणं उलगडून पुन्हा आवळत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही. मर्यादा अशी की बदल दीड डेसिबलच्या पायऱ्यांनीच होतो. पाऊण डेसिबल इकडेतिकडे राहतं, आणि तेवढं गाडीच्या घरघरीत कोणाला कळणार? किती पायऱ्या हलवल्या ते एका टॅगमध्ये लिहून ठेवलेलं असतं, म्हणून परतही फिरता येतं. फक्त नंतर टॅग 'साफ' करणारं दुसरं कोणतं साधन त्या फाइलींवर फिरवू नका, नाहीतर परतीची वाट पुसली जाते. एमपीथ्रीगेनने गाणं फाटेल इतकं वर नेलं तरी ते फाटणं फाइलीत कायमचं बसत नाही, पायऱ्या खाली आणल्या की आवाज पुन्हा नीट होतो. फ्लॅक गाडीत न्यायचं असेल तर रूपांतर करतानाच रिप्लेगेन लावून घ्या. ही सोय फुबारच्या कन्व्हर्टरमध्ये आहे.

जे करू नये ते म्हणजे एमपीथ्री एडिटरमध्ये उघडून, आवाज बदलून, पुन्हा एमपीथ्री म्हणून सेव्ह करणं. प्रत्येक वेळी गाणं नव्याने आवळलं जातं आणि प्रत्येक वेळी थोडं झिजतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराण्याच्या खाजगी मैफिलींचा संग्रह माझ्या हाती आला होता. मी तो सगळा नॉर्मलाइझ करून मूळ फाइलींवरच सेव्ह केला. झांजा पाण्यातून वाजाव्यात तशा झाल्या, श्वासाची ऊब गेली. मूळ टेप तोवर खराब झाल्या होत्या. ती मैफल आता त्या झिजलेल्या रूपातच आहे आणि त्या रूपातच राहील. सुरुवातीला विनंती केली ती त्या दिवसामुळे.

एफएफएमपेगचा 'लाउडनॉर्म' फिल्टर अनेकजण सुचवतील. तो प्रसारणासाठी आणि व्हिडिओसाठी उत्तम आहे. पण एकाच फेरीत चालवला तर तो गाणं चालू असतानाच पातळी वरखाली हलवतो, म्हणजे चढउतार दाबतो. दोन फेऱ्यांत, आधी मोजून मग लावून, चालवला आणि पीकने किंवा चढउताराच्या ठरवलेल्या मर्यादेने अडवलं नाही तर सरळ एकच गेन लावतो. संगीताच्या संग्रहाला तो वापरायचाच असेल तर दोन फेऱ्यांतच वापरा. माझं मत विचाराल तर इथे त्याची गरज नाही.

त्याची गरज लागते ती दुसऱ्याच आजाराला. काही फाइलींत एका गाण्यापासून दुसऱ्या गाण्याचा फरक नसतो, तर एकाच फाइलीच्या पोटात फरक असतो. मुलाखतीत विचारणारा मायक्रोफोनला चिकटून आणि सांगणारा चार हात लांब. व्याख्यानात वक्ता फिरत बोलतो. याला टॅगमधला एक आकडा काय करणार? तिथे कॉम्प्रेसर किंवा लेव्हलर लागतो, जो शांत भाग वर आणि मोठा भाग खाली आणतो. बोलण्याला तो पथ्यकर आहे. गाण्याला लावताना दहा वेळा विचार करा, आणि ख्यालाला लावूच नका.

शेवटी एक शंका, जी विचारली नाहीत तरी मनात येणार. स्कॅन झाल्यावर सगळा संग्रह पूर्वीपेक्षा हळू वाजायला लागेल आणि वाटेल की काहीतरी गमावलं. लक्ष्य उणे १८ आहे आणि नवी गाणी उणे आठ-नऊवर होती, म्हणून. स्पॉटिफाय उणे १४ आणि ॲपल म्युझिक उणे १६ धरतं, त्यांच्याशी तुलना केलीत तरी तुमचा संग्रह थोडा खालीच असेल. मोह होईल की लक्ष्य उणे १२ करावं. करू नका, कारण मग अर्ध्या जुन्या गाण्यांना वर जायला जागाच उरणार नाही आणि ज्यासाठी हे सगळं केलं तो एकसारखेपणाच मोडेल. दहा डेसिबल कमी करण्याने बारकावे जातील ही भीतीही धरू नका. सोळा बिटांच्या ध्वनीला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला असतो, चांगले प्लेअर आतला हिशोब बत्तीस बिटांत करतात, आणि स्पीकरची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी येते. ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण थोडं वर न्या आणि तिथेच सोडा.

मग तुमच्याकडे एकाच गाण्याच्या दोन प्रती असतील, एक जुनी आणि एक 'रीमास्टर' केलेली, तर त्या लागोपाठ लावा. आजवर रीमास्टर सरस वाटली असेल, कारण एक-दोन डेसिबलने मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो आणि त्याचं कारण आवाज आहे हे कानाला कळत नाही. आता दोन्ही एका पातळीवर आहेत. तबल्याची थाप कुठे उमटते आणि कुठे चेपली गेली आहे, गायकाने समेवर येण्याआधी घेतलेला श्वास कुठे ऐकू येतो, हे आता तुम्हाला स्वच्छ कळेल. माझ्याकडे अशा कित्येक जोड्यांतली जुनीच प्रत राहिली.